चीनची वाढ आणि चिनी कंपन्यांचा कारभार : नागपुरात बसून लघुशोधप्रबंध कसा करावा

चीनवर प्रबंध करायचा म्हटले की गाईडचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : चिनी भाषा येते का? नसली येत तरी काम होते. हाँगकाँगच्या शेअर बाजारात नोंदलेल्या चिनी कंपन्यांचे वार्षिक अहवाल इंग्रजीत मिळतात. जागतिक बँकेची आकडेवारी फुकट आहे. विद्यापीठाच्या विभागात शिकत असाल तर केंद्र सरकारच्या 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' योजनेमुळे १ जानेवारी २०२५ पासून महागडी जर्नलेही उघडू शकतात. ही योजना आधी सरकारी संस्थांसाठी आहे, त्यामुळे खासगी महाविद्यालयातून प्रबंध करणाऱ्यांनी ग्रंथपालांना अगोदर विचारून घ्यावे. नाही मिळाले तरी अडत नाही, कारण चीनविषयीचे बहुतेक महत्त्वाचे लेख वर्किंग पेपरच्या, म्हणजे जर्नलात छापण्याआधीच्या मसुद्याच्या, रूपात मोफत सापडतात.

खरी अडचण आकड्यांची आहे. या विषयातला जवळजवळ प्रत्येक आकडा अशा कोणीतरी लिहिलेला असतो, ज्याची बढती, कर्ज किंवा शेअरचा भाव त्याच आकड्यावर टांगलेला असतो. प्रांताचे उत्पन्न प्रांताचे अधिकारी कळवतात, कंपनीची रोख शिल्लक कंपनीचे संचालक कळवतात. म्हणून प्रत्येक टप्प्यावर एकच प्रश्न विचारायचा : हा आकडा कोणी लिहिला, आणि फुगवला तर त्याच्या पदरात काय पडणार होते?

विषय कापून लहान करणे

'चीनच्या आर्थिक विकासाचा चिकित्सक अभ्यास' असे शीर्षक सिनॉप्सिसमध्ये घातले की प्रबंध बुडाला म्हणून समजा. एका सत्रात झेपेल असा प्रश्न एका ओळीत मावला पाहिजे. उदाहरणार्थ : '२०२१ ते २०२३ या काळात हाँगकाँगमध्ये नोंदलेल्या ३० चिनी कंपन्यांमध्ये सर्वांत मोठा भागधारक सरकार असण्याचा बाजारमूल्याशी काय संबंध दिसतो?' यात काळ, संख्या, जागा आणि दोन चल स्पष्ट आहेत. वाढीचा भाग या प्रश्नाची पार्श्वभूमी म्हणून एका प्रकरणात येईल, सगळा प्रबंध खाणार नाही.

पाया म्हणून एकच लेख धरा आणि तो पूर्ण वाचा. या कामासाठी त्सिंगह्वा विद्यापीठातले अर्थतज्ज्ञ बाय चोंग-एन यांचे संशोधन फार सोयीचे आहे, कारण त्यांनी देशाची वाढ आणि कंपन्यांचा कारभार या दोन्ही बाजूंवर काम केले आहे. सहकाऱ्यांबरोबर २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात त्यांनी चिनी नोंदणीकृत कंपन्यांचा कारभार (कॉर्पोरेट गव्हर्नन्स) आणि बाजारमूल्य यांची सांगड घातली. सर्वांत मोठ्या भागधारकाकडे फार मोठा वाटा असणे, मुख्य कार्यकारी अधिकारीच संचालक मंडळाचा अध्यक्ष किंवा उपाध्यक्ष असणे आणि सर्वांत मोठा भागधारक सरकार असणे या तिन्हींचा मूल्यावर उलटा परिणाम दिसला. बाकीच्या मोठ्या भागधारकांची ताकद एकवटलेली असणे आणि परदेशी गुंतवणूकदारांना शेअर दिलेले असणे यांचा परिणाम चांगला दिसला. २००६ मध्ये त्यांनी चँग-ताय शे आणि यिंगयी छियान यांच्याबरोबर चीनमधील भांडवलावरचा परतावा मोजला. १९७८ नंतरच्या सुधारणांच्या पहिल्या दीड दशकात तो सरासरी २५ टक्क्यांच्या आसपास होता, १९९३ नंतर उतरला आणि १९९८ पासून सुमारे २० टक्क्यांवर स्थिरावला. एवढी गुंतवणूक करूनही परतावा कोसळला नव्हता, हे त्या वेळी अनेकांना पचले नव्हते.

या दोन निष्कर्षांमधला ताण हाच तुमच्या प्रबंधाचा विषय. कारभार कच्चा, कायदा अर्धवट, तरी परतावा चांगला, हे कसे? फ्रँकलिन ॲलन, जुन छियान आणि मेजुन छियान यांनी २००५ मध्ये हेच कोडे मांडले होते. बाय यांच्या पुढच्या कामात एक उत्तर आहे : स्थानिक सरकारे मर्जीतल्या कंपन्यांना जमीन, परवाने आणि कर्ज मिळवून देतात. नियम सगळ्यांसाठी सारखे नसतात, पण शहरे आपसात इतकी स्पर्धा करतात की बऱ्याच चांगल्या कंपन्यांना कोणी ना कोणी पाठीराखा सापडतो. हे उत्तर पटले नाही तरी पहिल्या प्रकरणात त्याची दखल घ्यावी लागेल.

वाढीचे प्रकरण

तक्त्यासाठी जागतिक बँकेच्या संकेतस्थळावरून तीन मालिका उतरवा : स्थिर किमतींचे देशांतर्गत उत्पन्न, स्थूल स्थिर भांडवलनिर्मिती आणि श्रमशक्ती. उतरवल्याची तारीख फाईलच्या नावातच लिहा. चीन दर आर्थिक गणनेनंतर जुने आकडे बदलतो. २००४ च्या गणनेनंतर त्या एका वर्षाचे उत्पन्न १६.८ टक्क्यांनी वाढवून लिहिले गेले, आणि ती वाढ मुख्यतः सेवाक्षेत्रातली होती. जुन्या लेखातला आकडा आणि तुमचा आकडा जुळत नसेल तर आधी हेच तपासा.

भांडवलसाठा कुठेही तयार मिळाला तरी एकदा स्वतः काढून पाहा. यंदाचा साठा म्हणजे मागच्या वर्षीचा साठा वजा घसारा, अधिक यंदाची गुंतवणूक. पहिल्या वर्षाचा साठा त्या वर्षाच्या गुंतवणुकीला वाढीचा दर अधिक घसाऱ्याचा दर या बेरजेने भागून धरतात. तो अंदाजच असतो, पण मालिका जितकी मागून सुरू कराल तितका तो निरुपद्रवी होतो. घसारा १० टक्के धरला तर २० वर्षांनी पहिल्या चुकीचा जेमतेम १२ टक्के अंश उरतो. म्हणून अभ्यासाचा काळ १९९८ पासून असला तरी मालिका १९७८ किंवा त्याआधीपासून चालवा.

इथे नेहमी होणारी चूक म्हणजे चिनी सांख्यिकी कार्यालयाची 'स्थिर मालमत्तेतील गुंतवणूक' ही दरमहा येणारी मालिका भांडवलनिर्मिती म्हणून वापरणे. तिच्यात जमीन आणि जुनी यंत्रे यांची खरेदीही धरलेली असते, म्हणजे हात बदललेला पैसा नवे भांडवल म्हणून मोजला जातो. त्यात २०११ मध्ये या मालिकेत येणाऱ्या प्रकल्पांची किमान मर्यादा ५ लाख युआनवरून ५० लाख युआन झाली, त्यामुळे आधीचे आणि नंतरचे आकडे सरळ जोडताही येत नाहीत.

श्रमाच्या मालिकेत आणखी मोठा खड्डा आहे. चीनच्या अधिकृत आकडेवारीत १९८९ मध्ये सुमारे ५५ कोटी लोक कामावर होते आणि १९९० मध्ये सुमारे ६५ कोटी. एका वर्षात दहा कोटींच्या आसपास नवे कामगार आले नाहीत. १९९० च्या जनगणनेनुसार पुढचे आकडे बदलले आणि मागचे तसेच राहिले. आलेखात ही उडी दिसली आणि विद्यार्थ्याने तिला 'उदारीकरणाचा परिणाम' म्हटले, तर परीक्षक पुढचे पान उलटतच नाही. मालिका १९९० नंतर सुरू करा किंवा त्या वर्षाचा वाढीचा दर शेजारच्या वर्षांच्या सरासरीने भरा, आणि तसे केल्याचे लिहा.

आता एकूण घटक उत्पादकता, म्हणजे भांडवल आणि श्रम वाढल्याने जी समजावता येत नाही ती वाढ. उत्पन्नवाढीतून भांडवलाच्या वाढीचा वाटा आणि श्रमाच्या वाढीचा वाटा वजा करायचा. सगळे काही भांडवलाच्या वाट्याला किती वजन देता यावर ठरते. आपल्या पाठ्यपुस्तकांत ते एक-तृतीयांश असते. चीनमध्ये श्रमाला मिळणारा हिस्सा कमी असल्याने ते निम्म्याच्या आसपास धरतात. समजा उत्पन्न ९ टक्क्यांनी वाढले, भांडवल ११ टक्क्यांनी आणि श्रम १ टक्क्याने. वजन निम्मे धरले तर ९ वजा ५.५ वजा ०.५, म्हणजे उत्पादकता ३ टक्के. एक-तृतीयांश धरले तर तीच उत्पादकता ४.७ टक्क्यांच्या आसपास येते. आकडे तेच, पण एका उत्तरात चीन घाम गाळून वाढला आणि दुसऱ्यात हुशारीने. दोन्ही उत्तरे तक्त्यात द्या.

परताव्याचे सोपे सूत्र असे : भांडवलाचा उत्पन्नातील हिस्सा भागिले भांडवल-उत्पन्न गुणोत्तर, वजा घसारा. हिस्सा ०.५, गुणोत्तर १.७ आणि घसारा १० टक्के घेतला तर परतावा १९.४ टक्के येतो. गुणोत्तर २.५ झाले की तो १० टक्क्यांवर येतो. बाय आणि सहकाऱ्यांच्या पूर्ण सूत्रात आणखी एक पद आहे : भांडवली वस्तूंच्या किमती इतर किमतींपेक्षा किती वेगाने चढल्या. पदव्युत्तर स्तरावर ते सोडले तरी चालेल, पण सोडल्याचे सांगायला हवे. घसाऱ्याला एकच दर लावण्याऐवजी इमारतींना कमी आणि यंत्रांना जास्त असे दोन दर लावता आले तर उत्तमच.

या प्रकरणात २००८ हे वर्ष वेगळे काढा. नोव्हेंबर २००८ मध्ये चीनने ४ लाख कोटी युआनचा खर्चाचा कार्यक्रम जाहीर केला आणि त्याचा मोठा भाग स्थानिक सरकारांनी स्थापलेल्या वित्तपुरवठा कंपन्यांच्या कर्जातून झाला. प्रांतांच्या आकड्यांवरचा विश्वासही याच सुमारास ढळला. सांख्यिकी कार्यालय प्रांतांकडून आलेले आकडे खाली ओढून राष्ट्रीय आकडा काढत असे. २०१९ मध्ये शे, सोंग झेंग आणि सहकाऱ्यांनी मूल्यवर्धित कराची आकडेवारी वापरून दाखवले की २००८ नंतर फुगवटा वाढला, पण ही कात्री तेवढीच राहिली. त्यांच्या अंदाजाने २००८ ते २०१६ या काळात अधिकृत वाढ दरवर्षी सुमारे १.७ टक्के-बिंदूंनी जास्त दाखवली गेली. हा केवळ प्राध्यापकांचा संशय नव्हता. जानेवारी २०१७ मध्ये ल्याओनिंग प्रांताच्या गव्हर्नरनी आपल्या प्रांताचे २०११ ते २०१४ चे महसुलाचे आकडे बनावट असल्याचे उघड मान्य केले. पुढच्या वर्षी तियानजिनच्या बिनहाय भागाने आपले २०१६ चे उत्पन्न १ लाख कोटी युआनवरून सुमारे ६६,५०० कोटी युआनवर आणले. प्रांतवार तुलना करण्याचा मोह पदव्युत्तर प्रबंधात टाळावा, असे आमचे स्पष्ट मत आहे.

कंपन्या निवडणे

फक्त 'एच' शेअरवाल्या कंपन्या घ्या, म्हणजे चीनच्या मुख्य भूमीवर स्थापन झालेल्या आणि हाँगकाँगमध्ये नोंदलेल्या. टेन्सेंट आणि अलीबाबा यांची नावे मोहात पाडतात, पण त्या केमन बेटांवर स्थापन झालेल्या आहेत आणि चीनमधल्या त्यांच्या महत्त्वाच्या व्यवसायांशी भागधारकाचे नाते करारांच्या साखळीतून येते. त्यांचा कारभार दुसऱ्याच कायद्याखाली चालतो. 'रेड चिप' म्हणवल्या जाणाऱ्या, सरकारी मालकीच्या पण चीनबाहेर स्थापन झालेल्या कंपन्याही बाजूला ठेवा. बँका, विमा कंपन्या आणि घरबांधणी कंपन्या वगळा. पहिल्या दोघींचा ताळेबंदच वेगळा असतो. घरबांधणीत उत्पन्न कोणत्या वर्षी दाखवायचे हाच वादाचा मुद्दा आहे. चिनी नियामकाने २०२४ मध्ये सांगितले की एव्हरग्रँडच्या मुख्य भूमीवरील उपकंपनीने २०१९ आणि २०२० मिळून सुमारे ५६,४०० कोटी युआनचे उत्पन्न फुगवले होते.

उरलेल्यांतून ३० निवडा आणि त्यांत किमान १२ खासगी असू द्या. 'एच' शेअरमध्ये सरकारी कंपन्यांचा भरणा असतो, त्यामुळे सहज हाताला लागतील तशा घेतल्या तर तुलनेला दुसरी बाजूच उरत नाही. बीवायडी, ग्रेट वॉल मोटर आणि फुयाओ ग्लास या खासगी बाजूच्या, तर पेट्रोचायना, चायना शेनहुआ आणि चाल्को या सरकारी बाजूच्या ओळखीच्या कंपन्या. निवडीचा नियम आधी लिहून ठेवा आणि मगच अहवाल उघडा.

तीन वर्षे गुणिले ३० कंपन्या म्हणजे ९० अहवाल. सुरुवातीच्या पाच-सहा अहवालांना प्रत्येकी तासभर लागतो, मग हात बसला की वीस-पंचवीस मिनिटांत एक होतो. एक्सेलमध्ये प्रत्येक आकड्याशेजारी अहवालाचा पान क्रमांक लिहायला एक रकाना ठेवा. हे कंटाळवाणे आहे, पण व्हायव्हाच्या आदल्या आठवड्यात याच रकान्याने अब्रू वाचते.

शीट भरताना

भागधारणेच्या तक्त्यात पहिल्या दहा भागधारकांची नावे असतात. त्यांत दुसऱ्या क्रमांकावर बहुधा एचकेएससीसी नॉमिनीज हे नाव दिसेल, आणि वाटा भलामोठा. हा कोणी गुंतवणूकदार नाही. हजारो लोकांचे 'एच' शेअर ज्या डिपॉझिटरीच्या नावावर असतात ती ही कंपनी. बाय यांच्या पद्धतीने 'इतर मोठ्या भागधारकांची ताकद' काढताना दुसऱ्यापासून दहाव्यापर्यंतच्या वाट्यांच्या वर्गांची बेरीज करतात. समजा खरे भागधारक ८, ५ आणि ३ टक्क्यांचे आहेत. बेरीज होते ०.००९८. यात नॉमिनीचे २५ टक्के मिसळले की एकट्याचेच ०.०६२५ येतात आणि विखुरलेली कंपनी एकवटलेली दिसू लागते. हे नाव सरसकट काढा.

दुसरा भागधारक पहिल्याला आवर घालतो, हे गृहीतकही तपासून घ्या. दोघेही सरकारचेच असतील तर आवर कसला? प्रत्येक मोठ्या भागधारकाचा मालक कोण आहे हे एक पायरी वर जाऊन पाहा. जुन्या लेखांत 'लीगल पर्सन' शेअर, म्हणजे कंपन्या आणि संस्थांच्या नावावरचे शेअर, असा वर्ग भेटेल. तो खासगी मालकीचा पर्याय म्हणून वापरू नका, कारण त्या संस्था अनेकदा सरकारीच असत.

मंडळाच्या रचनेत स्वतंत्र संचालकांचे प्रमाण भरायला सगळ्यांना आवडते, पण ते या विषयातले सर्वांत कमी बोलणारे चल आहे. २००१ च्या नियमाने जून २००३ पर्यंत एक-तृतीयांश स्वतंत्र संचालक सक्तीचे झाले, आणि बहुतेक कंपन्या बरोबर तेवढेच ठेवतात. फरकच नसेल तर रिग्रेशन काय शोधणार? त्यापेक्षा संचालकांची उपस्थिती, किती ठरावांवर आक्षेप नोंदला आणि मुदतीआधी किती जणांनी राजीनामे दिले हे पाहा. खांगमेई फार्मास्युटिकल या औषधकंपनीच्या हिशेबातील घोटाळ्याच्या प्रकरणात नोव्हेंबर २०२१ मध्ये ग्वांगझोच्या न्यायालयाने गुंतवणूकदारांना सुमारे २४६ कोटी युआन भरपाई द्यायला सांगितले आणि पाच स्वतंत्र संचालकांनाही त्यातल्या ५ ते १० टक्क्यांपर्यंत जबाबदार धरले. त्यानंतर देशभर राजीनाम्यांची लाट आली. २०२३ च्या नव्या नियमांनी एका व्यक्तीला जास्तीत जास्त तीन देशी नोंदणीकृत कंपन्या आणि वर्षाला किमान १५ दिवस प्रत्यक्ष काम अशी अट घातली.

सरकारी कंपन्यांच्या नियमावलीत कम्युनिस्ट पक्षाच्या समितीचे कलम आहे का, तेही पाहा. २०१७ च्या सुमारास हाँगकाँगमध्ये नोंदलेल्या अनेक सरकारी कंपन्यांनी ते घातले. मोठे निर्णय मंडळापुढे येण्याआधी समितीत चर्चिले जातात. तसे असेल तर मंडळाच्या बैठका मोजून फारसे हाती लागत नाही. पर्यवेक्षक मंडळाचा (संचालकांवर देखरेख ठेवणाऱ्या वेगळ्या मंडळाचा) रकाना २०२४ नंतर रिकामा आढळला तर घाबरू नका : १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या कंपनी कायद्याने त्याऐवजी लेखापरीक्षण समिती ठेवायची मुभा दिली आहे.

एककांची गफलत सगळ्यांकडून होते. चिनीत मोजणी 'वान' म्हणजे दहा हजार आणि 'यी' म्हणजे दहा कोटी यांत चालते. भाषांतराचे यंत्र 'यी'चे कधी शंभर दशलक्ष करते, कधी तसेच सोडते. तक्त्याच्या डोक्यावरचे एकक वाचा आणि सगळे कोटी युआनमध्ये आणा. 'एच' शेअरचा भाव मात्र हाँगकाँग डॉलरमध्ये असतो, तो त्या दिवसाच्या दराने युआनमध्ये बदला.

पैसा कुठून बाहेर जातो

चिनी कंपन्यांच्या कारभाराचे सर्वांत उघड चिन्ह अनेक वर्षे ताळेबंदातल्या एका निरस ओळीत होते : 'इतर येणी'. मुख्य भागधारक कंपनीकडून उसने घेत, ते परत येत नसत आणि वर्षानुवर्षे इथे पडून राहत. जियांग, ली आणि युए यांनी २०१० मध्ये १९९६ ते २००६ या काळातल्या कंपन्यांवर हे दाखवून दिले. त्यांचे मोजमाप साधे आहे : इतर येणी भागिले एकूण मालमत्ता. २००६ मध्ये नियामकांनी ही रक्कम परत आणायला लावली, त्यामुळे तुमच्या काळात हे गुणोत्तर बहुधा लहान दिसेल. तेवढ्यावरून कारभार सुधारला असे लिहू नका. एक वाट बंद झाली की पैसा दुसरी शोधतो : मूळ कंपनीच्या कर्जाला दिलेल्या हमी, संबंधित पुरवठादारांना दिलेली आगाऊ रक्कम, समूहाच्या वित्त कंपनीत ठेवलेल्या ठेवी. या तिन्ही टिपांमध्ये सापडतात. ताळेबंदाच्या मुख्य पानावर शोधत बसू नका.

'इतर येणी'ची टीप उघडणे आणखी एका कारणाने गरजेचे आहे. २०१८ पासून चिनी मानकांच्या नमुन्यात येणे व्याज आणि येणे लाभांश याच ओळीत मिसळले गेले. २०१७ ते २०१९ दरम्यान अचानक वाढ दिसली तर ती बहुधा नमुन्याची असते.

दुसरी तपासणी रोख शिल्लकीची. व्याजाचे उत्पन्न भागिले वर्षाच्या सुरुवातीच्या आणि शेवटच्या रोख शिल्लकीची सरासरी. समजा कंपनी सरासरी ३०० कोटी युआन रोख दाखवते आणि व्याज मिळाले २ कोटी. दर पडतो ०.६७ टक्के. त्याच कंपनीवर २५० कोटींचे कर्ज असून ती ५ टक्के व्याज भरते आहे. घरात एवढी रोकड असताना कोणी कर्ज का काढावे? एक तर पैसा कुठेतरी अडकलेला आहे, नाही तर तो नाहीच. खांगमेईने एप्रिल २०१९ मध्ये 'हिशेबातली चूक' म्हणून सुमारे ३,००० कोटी युआन रोख कमी केली, तेव्हा भरपूर रोख आणि भरपूर कर्ज हीच जोडी तिच्या ताळेबंदात आधीची काही वर्षे दिसत होती. एक वर्ष असे दिसले तर नोंद करा, सलग तीन वर्षे दिसले तर त्या कंपनीवर परिशिष्टात स्वतंत्र परिच्छेद लिहा.

बाजारमूल्य आणि रिग्रेशन

टोबिनचा क्यू, म्हणजे कंपनीचे बाजारमूल्य तिच्या मालमत्तेच्या मानाने किती हे सांगणारे गुणोत्तर, काढताना संकेतस्थळांवरचे तयार बाजारमूल्य घेऊ नका. दोन्हीकडे नोंदलेल्या कंपनीचा मुख्य भूमीवरचा 'ए' शेअर सहसा हाँगकाँगच्या 'एच' शेअरपेक्षा महाग असतो, आणि संकेतस्थळे अनेकदा एकाच भावाने सगळे शेअर गुणतात. 'ए' शेअर त्यांच्या भावाने, 'एच' शेअर त्यांच्या भावाने गुणा, एकूण देणी मिळवा आणि एकूण मालमत्तेने भागा. भाव ३१ डिसेंबरचा घेण्यापेक्षा एप्रिलअखेरचा घेणे बरे, कारण डिसेंबरला संपणाऱ्या वर्षाचे अहवाल बाजाराच्या हातात तोवर येतात. २००५ पूर्वीचा काळ घेऊच नका. तेव्हा सुमारे दोन-तृतीयांश शेअर बाजारात विकताच येत नव्हते आणि त्यांची किंमत किती धरायची हा स्वतंत्र प्रबंधाचा विषय आहे.

ग्रेटल हे सॉफ्टवेअर फुकट आहे आणि ९० ओळींना पुरेसे आहे. पाच-सहा चलांपेक्षा जास्त घालू नका : सरकार मुख्य भागधारक आहे का, पहिल्याचा वाटा, इतरांची ताकद, अध्यक्ष आणि मुख्य कार्यकारी एकच आहेत का, कंपनीचा आकार, कर्जाचे प्रमाण. सोबत उद्योग आणि वर्षाचे डमी, म्हणजे ० किंवा १ अशी किंमत घेणारी चले.

इथे बहुतेक प्रबंध अडखळतात. गाईड सांगतात की पॅनेल (त्याच कंपन्यांची अनेक वर्षांची आकडेवारी) आहे म्हणून फिक्स्ड इफेक्ट लावा. लावले की सरकारी मालकीचे चल गायब होते, कारण तीन वर्षांत कोणाची मालकी बदललेली नसते आणि हे तंत्र फक्त बदलाकडे बघते. सॉफ्टवेअरचा दोष समजून रात्र घालवू नका. उद्योगाच्या डमीसह साधे रिग्रेशन करा, प्रमाणित चुका (स्टँडर्ड एरर) कंपनीनुसार गट करून काढा आणि कारण लिहा. मग सरकारी कंपन्यांचा क्यू कमी आला तरी 'सरकारमुळे मूल्य घटले' असे लिहू नका. तेल, कोळसा, दूरसंचार ही क्षेत्रे चिनी सरकारने मुद्दाम स्वतःकडे ठेवली आहेत आणि अशा उद्योगांचा क्यू जगभर कमी असतो. तीस कंपन्यांमध्ये डमी हा फरक पूर्ण धुऊन काढत नाहीत.

नागपूरच्या कंपन्यांशी तुलना

परीक्षकांना भारताचा संदर्भ हवा असतो. त्यासाठी शेवटी 'भारताला धडे' असे प्रकरण घालण्यापेक्षा हीच शीट दोन स्थानिक कंपन्यांसाठी भरा. काटोल रोडवर मुख्यालय असलेली मॉइल ही मँगनीजची सरकारी कंपनी डिसेंबर २०१० मध्ये बाजारात नोंदली गेली. सोलर इंडस्ट्रीज ही प्रवर्तक कुटुंबाच्या हाती ७० टक्क्यांहून अधिक शेअर असलेली नागपूरचीच कंपनी. दोघींची भागधारणा दर तिमाहीला शेअर बाजारांच्या संकेतस्थळावर येते.

मॉइलमध्ये केंद्राबरोबर महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश सरकारेही भागधारक आहेत. म्हणजे 'इतर मोठे भागधारक आवर घालतात' हे गृहीतक इथेही त्याच जागी अडते. अध्यक्ष आणि व्यवस्थापकीय संचालक हे एकच पद असल्याने तो रकाना आपोआप 'होय' होतो. सोलरमध्ये सरकार नाही, पण पहिल्या भागधारकाचा मोठा वाटा आहे. बाय यांच्या चौकटीत या दोन कंपन्यांचा कारभार कमजोर ठरेल. बाजार त्यांना तसे मोजतो का ते स्वतः काढा. दोन कंपन्यांतून काही सिद्ध होत नाही, पण चिनी चौकट आपल्याकडे कुठे बसत नाही हे नेमके दिसते. वर्ष जुळवायला विसरू नका : चीनचे आर्थिक वर्ष जानेवारी ते डिसेंबर, आपले एप्रिल ते मार्च. चीनचे २०२३ आपल्या २०२३-२४ शेजारी ठेवा.

नियमांची तुलना एका परिच्छेदात आटपा. आपल्याकडेही कंपनी कायदा २०१३ ने नोंदणीकृत कंपनीत एक-तृतीयांश स्वतंत्र संचालक सक्तीचे केले, आणि अध्यक्ष कार्यकारी किंवा प्रवर्तकांपैकी असेल तर सेबी निम्मे मागते. शे आणि क्लेनो यांचा २००९ चा अंदाज मात्र जरूर वापरा : भांडवल आणि श्रम अमेरिकेइतक्या कार्यक्षमतेने वाटले गेले असते तर कारखानदारीतील उत्पादकता चीनमध्ये ३० ते ५० टक्क्यांनी आणि भारतात ४० ते ६० टक्क्यांनी वाढली असती. वाढीचे प्रकरण आणि कंपन्यांचे प्रकरण यांना जोडणारा दुवा हाच. कंपनीवर ताबा कोणाचा, यावर कर्ज कोणाला मिळते ते ठरते, आणि त्यावरून देशाच्या भांडवलाचा परतावा.

व्हायव्हाला लॅपटॉपवर तीन फाईल उघड्या ठेवा : तारखेसह उतरवलेली मूळ आकडेवारी, पान क्रमांकांची शीट आणि वगळलेल्या कंपन्यांची यादी कारणांसह. 'हीच कंपनी का, ती का नाही?' हा प्रश्न हमखास येतो, आणि त्याचे उत्तर तिसऱ्या फाईलमध्ये असते.